वणव्याचा टॉवर आणि सकाळी दहाचा हुकूम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जंगलातले वणवे पकडणाऱ्या एआय कॅमेऱ्यांवर लेख होता तो आवडला, फोटो पण मस्त होते, पण त्यात जुन्या वॉच टॉवरचा विषय दोनच ओळीत संपवलाय, पूर्वी माणसं टॉवरवर बसून दुर्बिणीतून धूर शोधायची आता मशीन शोधतं, झालं. एवढं सोपं नाहीये हो ते. माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली, खांद्यावर प्लेन टेबल (म्हणजे तिपाईवर ठेवून दिशा बघत नकाशा काढायचं मोजणीचं टेबल) आणि काखेत नकाशा, त्यामुळे या टॉवरमध्ये जे यंत्र असायचं त्याचं मला भारी कौतुक, आणि त्या नादात टॉवरचा इतिहास मिळेल तिथून वाचून काढला. तो मुख्यतः अमेरिकेत घडलाय म्हणून तिकडचंच लिहितो. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण मधला दहा वाजताच्या हुकमाचा भाग तेवढा ठेवा, सगळी मेख तिथेच आहे.

तर सुरुवात सरकारने केलीच नव्हती. लाकूड कंपन्यांना आधी जाग आली, साहजिकच आहे, जळत होता तो त्यांचा माल. आयडाहो राज्यात बर्था हिल नावाची टेकडी आहे, तिथे १९०२ च्या सुमारास लाकूडतोड्यांच्या कॅम्पवर स्वयंपाक करणारी मेबल ग्रे नावाची बाई घोड्यावरून टेकडीवर जायची, एका वाळक्या झाडावर चढायची आणि कुठे धूर दिसतोय का बघायची. टॉवर वगैरे काही नाही, झाड हाच टॉवर. मग १९०५ मध्ये तिकडे पार दुसऱ्या टोकाला मेन राज्यात स्क्वॉ माउंटन नावाच्या डोंगरावर एका लाकूड कंपनीने कायमचा पहारेकरी बसवला. म्हणजे आपण ज्याला सरकारी योजना समजतो ती मुळात एक स्वयंपाकीणबाई आणि एक कंपनी यांनी आपल्या गरजेपोटी काढलेली युक्ती.

सरकारचे डोळे उघडले ते १९१० च्या आगीने. २० आणि २१ ऑगस्ट, दोन दिवस. आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनचा थोडा भाग मिळून अंदाजे ३० लाख एकर जंगल गेलं, ८५ च्या आसपास माणसं मेली, त्यातले बहुतेक आग विझवायला गेलेलेच होते. वॉलेस नावाच्या गावाचा तिसरा हिस्सा जळाला. एड पुलास्की नावाच्या रेंजरने आपल्या चाळीसच्या वर माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंडलं आणि कोणी घाबरून बाहेर पळायला लागला तर गोळी घालीन म्हणून पिस्तूल घेऊन तोंडाशी उभा राहिला, पाच जण दगावले पण बाकीचे वाचले, हा किस्सा तिकडे पोराटोरांना पाठ असतो. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्या भागात हजाराच्या वर लहानमोठ्या आगी आधीच पेटलेल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा माहितीतल्या होत्या, त्या विझवायलाच तर एवढी माणसं डोंगरात होती! वर्ष कोरडं गेलेलं, त्यात २० तारखेला वादळी वारा सुटला आणि सगळ्या आगी एकमेकींना जाऊन मिळाल्या. आग दिसली नाही म्हणून तो अनर्थ झाला नव्हता.

तरी धडा काय घेतला? की आग लहान असतानाच दिसली पाहिजे आणि लहान असतानाच मारली पाहिजे. फॉरेस्ट सर्व्हिस हे खातं तेव्हा अवघं पाच वर्षांचं होतं, जंगलं सरकारी ताब्यात कशाला पाहिजेत म्हणणारे संसदेत बरेच होते, त्यामुळे खात्याला पण काहीतरी करून दाखवायचं होतं. १९११ मध्ये वीक्स अॅक्ट झाला, राज्यांना आगीच्या बंदोबस्तासाठी केंद्राचा पैसा मिळायला लागला, आणि डोंगरांच्या टोकांवर टॉवर उगवायला लागले.

आता माझ्या आवडीचा भाग. टॉवर म्हटलं की लोकांना दुर्बीण आठवते, पण दुर्बीण ही दुय्यम वस्तू. धूर दिसणं सोपं आहे हो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो नक्की कुठे आहे हे सांगणं अवघड. तीन डोंगर सोडून पलीकडे धुराची रेघ दिसतेय, ती कुठल्या घळीत, अलीकडच्या उतारावर की पलीकडच्या? हे चुकलं की आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी, आणि तिथे तर बंब म्हणजे खांद्यावर फावडं कुऱ्हाड घेऊन दिवसभर चालत जाणारी दोन माणसं. फॉरेस्ट सर्व्हिसमध्येच काम करणाऱ्या विल्यम ऑस्बोर्न नावाच्या माणसाने १९११ मध्ये यावर यंत्र काढलं, ऑस्बोर्न फायर फाइंडर. खोलीच्या मधोमध एक गोल टेबल, त्यावर आजूबाजूच्या मुलखाचा नकाशा असा बसवलेला की टॉवरची जागा बरोबर मध्यबिंदूवर येते आणि नकाशाची उत्तर म्हणजे खरी उत्तर. भोवती फिरणारी पितळी कडी, तिच्यावर अंशांच्या खुणा. कडीच्या एका बाजूला डोळा लावायची बारीक फट आणि समोरच्या बाजूला उभा ताणलेला घोड्याचा केस. कडी फिरवत न्यायची, फटीतून बघायचं, आणि तो केस धुराच्या बुडाशी आणायचा, शेंड्याशी नाही कारण शेंडा वाऱ्याने वाकलेला असतो. मग कडीवरचा अंश वाचायचा. खिडकीचा खांब मधे आला तर आख्खं यंत्र रुळांवरून इंचभर सरकवता यायचं, ही सोय ज्याच्या डोक्यात आली त्याला माझा दंडवत, आम्ही टेबल लावल्यावर मधे झाड आलं की काय शिव्या घालायचो ते आठवलं.

एका टॉवरने नुसती दिशा कळते. दुसऱ्या टॉवरवरच्याने त्याच धुराची आपली दिशा सांगितली की ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशावर दोन दोरे ताणायचे, जिथे काट मारतील तिथे आग. प्लेन टेबलवाल्याला हे सांगायला नको, आमचं तर सगळं आयुष्यच दोन रेषांची काट शोधण्यात गेलं. सांगायचा मुद्दा असा की एकटा टॉवर हा अर्धाच टॉवर, खरी वस्तू म्हणजे त्यांचं जाळं आणि त्यांना जोडणारी तार.

ती तार पण ऐकण्यासारखी आहे. टेलिफोनची एकच तार, परतीचा रस्ता जमिनीतून, आणि खांब परवडत नाहीत म्हणून उभ्या झाडांवरूनच नेलेली. पण ताणून बांधायची नाही, मुद्दाम ढिली, दोन तुकड्यांच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरमधून नुसती ओवलेली, म्हणजे हिवाळ्यात झाड आडवं पडलं तरी तार सरकून ढिली होते आणि जमिनीला टेकते पण तुटत नाही. पहारेकऱ्याच्या कामात ती तार फिरून दुरुस्त करणं पण यायचं. आणि विजा चमकायला लागल्या की हाच फोन जिवावर बेतणार, मग तो तोडायचा आणि पायांना काचेच्या वाट्या लावलेल्या स्टुलावर गप्प बसायचं. बाहेर छपरावरून तांब्याच्या तारा चारी बाजूंनी जमिनीत सोडलेल्या, चहूकडे कडकडाट, आणि हा स्टुलावर बसून कुठे कुठे वीज पडली ते वहीत टिपतोय, कारण वीज पडलेलं झाड लगेच पेटतंच असं नाही, आतल्या आत धुमसत राहतं आणि आठवड्याने सुद्धा वर येतं. म्हणून पावसानंतरचे दिवस सगळ्यात जास्त डोळ्यात तेल घालून बसायचे. त्यात पावसानंतर दरीतून धुक्याचे पुंजके वर येतात ते अगदी धुरासारखे दिसतात, नवशिके हमखास फसतात. धुकं विरून जातं, धूर एकाच जागेवरून येत राहतो, एवढं ओळखायला आपला डोंगर रोज बघितलेला लागतो.

बायकांचा विषय निघालाच आहे तर हॅली डॅगेटचं नाव घ्यायलाच पाहिजे. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लामथ जंगलात एडीज गल्च नावाच्या ठाण्यावर तिला नेमलं, फॉरेस्ट सर्व्हिसने नेमलेली पहिली बाई पहारेकरी. ६,००० फुटांच्या वर उंची, लाकडी खोपटं, सामान बहीण घोड्यावरून आणून द्यायची. खात्यातल्या लोकांना वाटलं पहिल्या वादळात खाली पळत येईल. पहिल्याच सीझनमध्ये तिने ४० आगी कळवल्या आणि त्या सगळ्या मिळून ५ एकर पण जळालं नाही! नंतर ती वर्षानुवर्षं तिथेच येत राहिली. तिचं बालपणच त्या डोंगरात गेलेलं, वाट न् वाट पायाखालची, आणि शिफारस करणाऱ्या रेंजरने हेच तर लिहिलं होतं. आता तुमच्या लेखातल्या हिशोबाने हे यश दुर्बिणीचं धरायचं का?

तीसच्या दशकात तर टॉवरचा नुसता पाऊस पडला. मंदी आलेली, पोरं बेकार, रूझवेल्टने १९३३ मध्ये सीसीसी म्हणून योजना काढली, पोरांना महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी पाठवायचे, आणि कामं म्हणजे रस्ते, झाडं लावणं, टेलिफोनच्या तारा, टॉवर. पोलादी टॉवर बऱ्याच ठिकाणी एअरमोटर कंपनीचे, शिकागोची ही कंपनी मुळात विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पवनचक्क्या बनवणारी, तिने तोच सांगाडा घेतला आणि वर पात्याऐवजी सात फुटी खोली बसवली. पश्चिमेकडे डोंगर मुळातच उंच त्यामुळे तिकडे चौदा बाय चौदाची लाकडी खोली, एल-४ म्हणतात तिला, चारी बाजूंनी काचा, उन्हाळ्यात खिडक्यांच्या फळ्या वर उचलल्या की त्याच पागोळ्यासारख्या सावलीला, हिवाळ्यात खाली पाडल्या की बंद. सगळे भाग आधीच कापून खेचरांच्या पाठीवर लादता येतील अशा मापाचे. एकूण देशभरात टॉवरची संख्या पाच हजारांच्या वर गेली होती, एकट्या आयडाहोतच शेकड्यांनी.

म्हणजे आता दिसायची अडचण संपली. आणि इथे येतो तो दहाचा हुकूम.

१९३५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसचा प्रमुख होता फर्डिनांड सिल्कॉक्स, १९१० च्या आगीच्या वेळी हा त्याच विभागात अधिकारी होता, ते दोन दिवस तो विसरला असेल असं मला वाटत नाही. त्याने आदेश काढला, कुठलीही आग, कुठेही लागलेली, दिसल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. नाही आली तर त्याच्या पुढच्या दिवशी १० पर्यंत, असं करत करत. विजेने लागलेली असो, माणसाने लावलेली असो, जिथे माणूसकाणूस नाही अशा दुर्गम रानात असो, भेद नाही. कागदावर वाचायला किती कडक वाटतं, आणि टॉवर होते म्हणूनच असा हुकूम काढता आला, नाहीतर बघणारंच कोणी नसतं तर दहा वाजता काय नि बारा वाजता काय!

गंमत म्हणजे त्याच वर्षी खात्यातल्याच एलर्स कॉख नावाच्या अधिकाऱ्याने, जो १९१० मध्ये स्वतः त्या आगीत उभा होता, लिहून ठेवलं की उंचावरच्या निर्मनुष्य डोंगरांत रस्ते, तारा, टॉवर नेऊन काय मिळवलं, तो भाग होता तसा सोडला असता तर बरं झालं असतं. ऐकलं कोणी नाही. त्याच्याही आधी, कॅलिफोर्नियातले काही जमीनमालक आणि गुराखी म्हणत होते की थंडीपावसाच्या बाजूने हलकी आग लावून पाचोळा जाळून टाकावा, तिथले आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलेत. खात्याच्या शिकलेल्या लोकांनी त्याला पायूट फॉरेस्ट्री म्हणून नाव ठेवलं, पायूट ही तिथली एक जमात, म्हणजे हे रानटी लोकांचं काम, शास्त्र नव्हे अशी टिंगल. १९२० च्या दशकात त्यावर कमिटी बसली आणि कमिटीने काय सांगितलं असेल ते सांगायला नको.

झालं असं की पश्चिमेकडच्या कोरड्या भागातल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत पूर्वी दर पाच ते पंचवीस वर्षांनी जमिनीलगतची छोटी आग फिरून जायची. साल जाड, मोठ्या झाडाला काही होत नाही, खालची काटकी पाचोळा रोपटी तेवढी साफ. जुन्या खोडांच्या वलयांत त्या आगींचे डाग दिसतात, वर्षासकट मोजता येतात. त्या आगी टॉवरवाल्यांनी इमानेइतबारे कळवल्या आणि त्या इमानेइतबारे विझवल्या गेल्या. मग पाचोळा साठला, मोठ्या झाडांखाली बारीक झाडांची दाटी झाली, आणि त्या दाटीने आगीला जमिनीवरून थेट शेंड्यापर्यंत शिडी मिळाली. शेंड्यावर चढलेल्या आगीपुढे दहा वाजेपर्यंत काय, दहा दिवसात पण काही चालत नाही.

सगळ्या जंगलांना हा हिशोब लागू नाही हे पण सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी पत्र लिहील. उंचावरची लॉजपोल पाइनची जंगलं मुळातच फार वर्षांनी आणि एकदम भडकून जळणारी, १९८८ मध्ये यलोस्टोनमध्ये सुमारे ८ लाख एकर गेलं त्याचं सगळं खापर हुकमावर फोडता येत नाही, त्या साली दुष्काळ आणि वारा होताच. शिवाय हल्ली उन्हाळे लांबलेत, घरं जंगलात घुसलीत. पण खालच्या कोरड्या जंगलांबाबत शंका राहिलेली नाही, आणि त्याचा पुरावा कुठून आला माहितीये का, टॉवरवरूनच! हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो.

त्याच ऑस्बोर्नने पुढे एक फिरणारा कॅमेरा बनवला होता, त्याने १९३० च्या दशकात शेकडो टॉवरवरून चारी दिशांचे फोटो घेतले, एकेका फोटोत १२० अंश, तीन फोटोत वर्तुळ पूर्ण. हेतू एवढाच की ऑफिसात बसलेल्याला पहारेकरी काय बघतोय ते फोटोवर बोट ठेवून कळावं, म्हणून फोटोवर अंशांच्या खुणा पण आहेत. हे फोटो कागदपत्रांत जपून राहिले. हल्ली लोकांनी त्याच जागांवर जाऊन त्याच दिशेला तसेच फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवले. जुन्या फोटोत डोंगर चट्ट्यापट्ट्यांचा, इथे जुनी झाडं, तिथे मोकळं कुरण, पलीकडे कधीतरी जळून परत वाढणारं रान, मधे भरपूर उघडीप. नव्या फोटोत सगळं एकसंध हिरवंगार. आपल्याला नवा फोटो बघून बरं वाटतं, किती जंगल वाढलं, आणि आगीच्या नजरेने बघितलं तर मधे अडायला जागाच उरलेली नाही. आग बघायला उभारलेल्या टॉवरने नकळत स्वतःच्या खात्याच्या चुकीचा पंचनामा करून ठेवला, तो पण अंशांसकट.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पेम्बर्टनजवळ कारी जातीची झाडं एवढी उंच की त्यांच्यावरून बघायला टेकडी पुरत नाही, मग त्यांनी झाडावरच टॉवर केला. १९४६ मध्ये जॅक वॉटसन नावाचा वनकर्मचारी पट्टा आणि खिळ्यांचे बूट घालून ग्लॉस्टर ट्री चढला, फांद्या चुकवत चढायला उतरायला सहा तास लागले, मग त्या खोडात खुंट्या ठोकून गोल जिना केला आणि १९४७ पासून वर खोलीत पहारा. मला चक्कर वाचूनच आली. तिथेही आगी विझवण्यावरच भर होता, पण १९६१ मध्ये ड्वेलिंगअप गाव वणव्यात जळालं, चौकशी बसली, आणि तिथून त्यांनी ठरवून, गारव्याच्या दिवसात, तुकड्या तुकड्याने जंगल आपणच जाळायचं धोरण मोठ्या प्रमाणावर घेतलं, १९६५ पासून तर विमानातून. त्याच्यावरही तिथे वाद आहेत, धुराच्या तक्रारी आहेत, प्राण्यांचे प्रश्न आहेत, पण निदान आग दिसली की मारा एवढंच गणित त्यांनी ठेवलं नाही.

अमेरिकेत तो दहाचा हुकूम अधिकृतपणे गेला १९७८ मध्ये. राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याने त्याच्या दहा वर्षं आधीच आपलं धोरण बदललं होतं. आणि टॉवर? ते त्याआधीच रिकामे व्हायला लागले होते, विमानं आली, रस्ते वाढले, नंतर मोबाइलवाले ट्रेकर आले. कित्येक लाकडी टॉवर कोणी पडून मरायला नको म्हणून खात्यानेच पेटवून दिले, आगीच्या पहाऱ्याला उभारलेली खोली खात्यानेच जाळायची, यावर काय बोलणार. वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीन माउंटनवरचा १९३३ चा टॉवर तर दुरुस्त केला म्हणून कोर्टात गेला, संरक्षित रानात बांधकाम चालणार नाही म्हणून २०१२ मध्ये काढून टाकायचा निकाल लागला, मग २०१४ मध्ये थेट संसदेने कायदा करून तो वाचवला. आणि हल्ली मोठी आग जवळ आली की आग विझवणारे लोक जुन्या टॉवरना चकचकीत चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात, डबा बांधल्यासारखं.

पण इतिहासजमा झाले हे तुमच्या लेखातलं वाक्य बरोबर नाही. काही शे टॉवरवर आजही उन्हाळ्यात माणसं बसतात. न्यू मेक्सिकोतल्या गिला जंगलात जा, तिथे १९७० च्या दशकापासून विजेने लागलेल्या काही आगी मुद्दाम जळू देतात, आणि त्या जळताना टॉवरवरचा माणूस दिवसेंदिवस त्यांच्याकडे बघत बसतो, धूर कुठल्या रंगाचा, कुठल्या कड्यापर्यंत आली, वारा फिरला का, खाली काम करणाऱ्यांचा वायरलेस कड्याआड गेला की निरोप इकडून तिकडे. आधी धूर दिसला की फोन करायचा आणि काम संपायचं, इथे धूर दिसल्यावर काम सुरू होतं. ज्याला ही आग चांगली आणि ही वाईट हे सांगता येतं असा माणूस.

आता कॅमेऱ्याकडे येतो. माझा त्यांना विरोध अजिबात नाही. कॅलिफोर्नियात हजाराच्या वर कॅमेरे डोंगरांवर लावलेत, २०२३ पासून एआय त्यातला धूर ओळखून आगवाल्यांच्या कंट्रोल रूमला कळवतं, रात्री अडीचला कोणी फोन करायच्या आधी आग सापडते, वस्तीजवळ ही चीज सोन्याच्या मोलाची आहे. सॅटेलाइटचं वेगळं, त्यातली बरीचशी ठरलेल्या वेळेला वरून जातात, ढग असला तर आंधळी, पण दुर्गम भागात तीच उपयोगी. दोन कॅमेऱ्यांच्या दिशांची काट काढून जागा ठरवतात म्हणे, म्हणजे ऑस्बोर्नचाच दोरा आता कंप्युटर ताणतो, वाचून बरं वाटलं. तुमच्या लेखात मात्र सगळी शर्यत मिनिटांची आहे, माणसाला इतकी मिनिटं, मशीनला इतकी. ती शर्यत अमेरिकेने १९३५ मध्येच जिंकली होती हो. हॅली डॅगेटच्या पाच एकरांच्या हिशोबाला आजही नाव ठेवता येणार नाही. जिंकून झाल्यावर त्यांनी सगळ्याच आगी मारल्या आणि मग भोगलं. आता तेच काम शंभर पट वेगाने करणारं यंत्र हातात आलंय, आणि अलर्ट वाजला की विझवायला पळा एवढाच नियम त्याला जोडला तर हा दहाचा हुकूमच झाला, फक्त दहा वाजेपर्यंत थांबायची पण गरज नाही.

तेव्हा पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा कॅमेरा किती किलोमीटर बघतो हे जरूर विचारा, पण अलर्ट आल्यावर निर्णय कोण घेतं, कुठल्या जंगलात कुठल्या महिन्यात कुठली आग चालू द्यायची हे आधी कुठे लिहून ठेवलंय का, आणि जो लिहितो तो त्या डोंगरावर कधी पायी फिरलाय का, हे पण त्या लोकांना विचारा. आणि ते तीसच्या दशकातले फोटो आणि आजचे फोटो जोडीने छापता आले तर छापा, लेखापेक्षा जास्त लोक ते बघतील.

आपला,
एक निवृत्त मोजणीवाला

ता. क. लेखात टॉवरचा युद्धातला उपयोग आलाच नाही म्हणून हे एक. ९ सप्टेंबर १९४२ ला जपानच्या पाणबुडीवरून एक छोटं विमान उडालं आणि नोबुओ फुजिता नावाच्या वैमानिकाने ओरेगॉनमधल्या ब्रुकिंग्सजवळच्या माउंट एमिलीच्या जंगलावर आग लावणारे बॉम्ब टाकले, बेत असा की आख्खं जंगल पेटावं आणि अमेरिकेची माणसं तिकडे गुंतून पडावीत. तिथल्या टॉवरवरच्या हॉवर्ड गार्डनरने धूर बघितला, कळवलं, आणि स्वतःच चालत जाऊन आग विझवायला भिडला, दुसऱ्या टॉवरवरचा गडी पण येऊन मिळाला. पुढे १९६२ मध्ये फुजिता त्याच गावात पाहुणा म्हणून आला आणि घराण्याची जुनी तलवार गावाला देऊन गेला. गार्डनरचं कौतुक झालंच पाहिजे, पण आग पसरली नाही याचं निम्मं श्रेय आदल्या दिवसांतल्या पावसाला द्यावं लागेल, जंगल ओलं होतं.